‘फेन’ : शब्द उरला, दलदल आटली

इंग्लंडच्या पूर्व भागात, पीटरबरो शहराच्या दक्षिणेस ‘होम फेन’ नावाचे भूर्जवृक्षांचे एक वन आहे. या वनात एक लोखंडी खांब उभा आहे. १८५१ च्या सुमारास तो जमिनीत पुरण्यात आला, तेव्हा त्याचे टोक जमिनीच्या बरोबरीस होते. आज ते टोक पाहण्यासाठी मान वर करावी लागते, कारण ते जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर आहे. खांब जागचा हललेला नाही. त्याच्याभोवतीची जमीन मात्र दीडशेहून अधिक वर्षे खचत राहिली आहे.

या वनाच्या नावातील ‘फेन’ हा शब्द हजार वर्षांहूनही जुना आहे. त्याचा अर्थ दलदल. केंब्रिजशर, लिंकनशर आणि नॉरफोक या परगण्यांत पसरलेला सुमारे ३,९०० चौरस किलोमीटरचा सखल प्रदेश आजही ‘द फेन्स’ या नावानेच ओळखला जातो. प्रत्यक्षात तेथे बहुतेक ठिकाणी दलदल उरलेली नाही. क्षितिजापर्यंत गहू, बटाटा आणि बीटची शेते दिसतात. शब्द टिकला आणि त्याने दाखवायची वस्तू नाहीशी झाली, असा हा प्रकार आहे. तो कसा घडला, हे समजून घ्यायचे तर आधी या शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

चिखलापासून सुरुवात

पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीला ‘प्राचीन इंग्रजी’ म्हटले जाते. या भाषेत ‘फेन’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक, चिखल, राड किंवा घाण. आणि दुसरा, पाणी साचून राहिलेली दलदलीची जमीन. यांपैकी चिखलाचा अर्थ अधिक जुना असावा, असे या शब्दाच्या भावंडांकडे पाहिल्यावर वाटते. गॉथिक ही जर्मानिक कुळातील आता लुप्त झालेली भाषा. तिच्यात चौथ्या शतकात बायबलचा अनुवाद झाला. जन्मांध माणसाच्या डोळ्यांना येशू चिखलाचा लेप लावतो, त्या प्रसंगी या अनुवादात चिखलासाठी आलेला शब्द ‘फानी’ असा आहे. ‘फेन’ आणि ‘फानी’ ही एकाच मूळ जर्मानिक शब्दाची रूपे होत.

याच शब्दाचे डच रूप ‘व्हेन’ असे आहे. त्याचा अर्थ मात्र ‘पीट’ असा झाला. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. वाळवल्यावर तो जळणासाठी वापरता येतो. नेदरलँड्समधील ॲम्स्टेलव्हेन, हीरेनव्हेन, होगेव्हेन या गावांच्या नावांत तोच शब्द आहे. चिखल, दलदल आणि पीट हे तिन्ही अर्थ परस्परांना लागून आहेत. ज्या भाषिकांच्या पायाखाली जे होते, तो अर्थ त्यांच्या शब्दाला चिकटला.

‘पंक’ आणि ‘फेन’

मराठी वाचकाला ‘फेन’ म्हटल्यावर संस्कृतमधील ‘फेन’, म्हणजे फेस, आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. संस्कृत ‘फेना’चे इंग्रजीतील नातेवाईक म्हणजे ‘फोम’. इंग्रजी ‘फेन’चे संस्कृतमधील नातेवाईक निराळेच आहे. व्युत्पत्तिकोशांनुसार ते आहे ‘पंक’, म्हणजे चिखल.

‘फ’ आणि ‘प’ यांचा संबंध जुळवून आणलेला नाही. संस्कृतमध्ये जेथे ‘प’ आहे, तेथे इंग्रजीत नियमाने ‘फ’ आढळतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पूर्ण आणि फुल ही त्याची परिचित उदाहरणे. ‘पशु’ या शब्दाचा इंग्रजी भाऊ ‘फी’ हाही त्यांतलाच. कारण गुरेढोरे हेच जुन्या काळातील धन होते आणि मोबदला त्यातूनच दिला जाई. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. पुढे रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ध्वनिबदलाची ही सूत्रे मांडली. परीकथांचे संकलन करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हेच ते थोरले. त्यांच्या नावाने हा नियम आजही ओळखला जातो. ‘पंक’ आणि ‘फेन’ यांचे मूळ ‘पेन’ या इंडो-युरोपीय धातूत असल्याचे मानले जाते. दोहोंना पुढे लागलेले प्रत्यय वेगवेगळे आहेत, म्हणून शब्दांची शेवटे जुळत नाहीत.

मूळ एक असले, तरी दोन्ही शब्दांचे नशीब वेगळे निघाले. आपल्याकडे ‘पंक’ चिखलापाशीच राहिला. ‘पापपंक’ या समासात तो तिरस्काराचा विषय झाला. त्याच वेळी ‘पंकज’ या शब्दाने त्याला प्रतिष्ठाही दिली. चिखलात जन्मणाऱ्या अनेक गोष्टी असल्या, तरी ‘पंकज’ म्हणजे कमळच. योगरूढ शब्दाचे हे उदाहरण संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्याला आरंभीच भेटते. इंग्रजीतील ‘फेन’ने मात्र चिखलाचा अर्थ हळूहळू टाकून दिला आणि तो एका विशिष्ट भूप्रदेशाचा शब्द बनला.

शेजारचे शब्द

पाणथळ जमिनीसाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत, की परभाषकाने गोंधळून जावे. ‘मार्श’ हाही प्राचीन इंग्रजीतलाच शब्द. त्याचे नाते तळे किंवा समुद्र या अर्थाच्या ‘मीअर’शी जोडले जाते. ‘मूर’ याचा अर्थ आज उजाड माळ असा घेतला जातो. पूर्वी तो दलदलीलाही लावला जाई. लंडन शहराच्या तटाबाहेरील ‘मूरफील्ड्स’ ही अशीच पाणथळ जागा होती आणि तिच्यावरून आलेले ‘मूरगेट’ हे नाव आज भुयारी रेल्वेच्या स्थानकावर झळकते. ‘बॉग’ हा शब्द गेलिक भाषेतून आला. त्याच्या मुळाशी ‘मऊ’ असा अर्थ आहे. ‘कार’, म्हणजे झुडपांनी भरलेली ओली जमीन, हा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स भाषकांनी दिला. ज्या ज्या लोकांनी इंग्लंडच्या भूमीवर वस्ती केली, त्यांनी आपापल्या दलदलीचे शब्द बरोबर आणले. ‘फेन’ त्यांतील अगदी जुन्या शब्दांपैकी एक.

हा शब्द काही अनपेक्षित ठिकाणीही लपलेला आहे. शालेय गणितात संच शिकताना एकमेकांना छेदणारी वर्तुळे काढली जातात, त्यांना ‘वेन आकृती’ म्हणतात. केंब्रिज विद्यापीठातील तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन (१८३४-१९२३) यांनी १८८० मध्ये त्या मांडल्या. ‘वेन’ घराणे मूळचे नैर्ऋत्य इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातले. तेथील बोलीत शब्दारंभीच्या ‘फ’चा ‘व्ह’ होत असे. ‘फॉक्स’ म्हणजे कोल्हा, पण कोल्हीण मात्र ‘व्हिक्सन’, ही त्याच उच्चाराची खूण. त्याच रीतीने ‘फेन’चे ‘वेन’ झाले. दलदलीच्या काठी राहणारा तो ‘वेन’.

बेटांची गावे

द फेन्स प्रदेशाचा जुना नकाशा वाचायचा, तर गावांच्या नावांकडे पाहावे. थॉर्नी, रॅम्सी, व्हिट्लसी या नावांच्या शेवटी येणारा ‘ई’ हा प्राचीन इंग्रजीतील बेट या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे. आज ही गावे शेतांनी वेढलेली आहेत. नावे पडली तेव्हा ती पाण्याने वेढलेली होती. ईली या गावाबद्दल तर ७३१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात बीड या धर्मोपदेशकाने स्पष्टच लिहून ठेवले आहे, की पाणी व दलदल यांनी वेढलेल्या या जागेला तेथे विपुल मिळणाऱ्या ‘ईल’ माशांवरून, म्हणजे सापासारख्या लांबट वाम माशांवरून, नाव मिळाले. मध्ययुगात या भागात जमिनीचा खंड पुष्कळदा या माशांच्या रूपाने चुकवला जाई.

बाहेरच्या माणसाला हा प्रदेश भयाण वाटे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातील ग्रेंडेल हा राक्षस फेनमध्येच वास करतो. ६९९ च्या सुमारास गथलॅक नावाचा तपस्वी क्रोलंड येथील बेटावर एकांतवासासाठी गेला. तेथे त्याला पिशाच्चांनी छळल्याच्या कथा त्याच्या चरित्रात आहेत. १०७० नंतर विल्यम राजाच्या नॉर्मन सैन्याला ईलीच्या दलदलीच्या आधाराने झुंजवणारा हेरेवर्ड हा तर लोककथांचा नायक झाला. दलदल ही शत्रूसाठी सापळा आणि आतल्या माणसासाठी तटबंदी होती.

आतल्या माणसासाठी ती चरितार्थाचे साधनही होती. मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार, छपरासाठी बोरू व लव्हाळ्याची कापणी, जळणासाठी पीट आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर गुरांना सामाईक चराई, असा हा जीवनक्रम होता. त्याची किंमतही मोजावी लागे. हिवताप या भागात घर करून होता. थंडीताप आणि सांधेदुखीवर उतारा म्हणून अफूच्या बोंडांचा काढा घेण्याची सवय येथे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली होती.

एक अर्ल आणि एक अभियंता

सतराव्या शतकात या जमिनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, ती कोरडी केली तर सोने पिकेल, असा हिशेब बड्या जमीनदारांनी मांडला. १६३० मध्ये बेडफर्डचे चौथे अर्ल फ्रान्सिस रसेल यांनी दक्षिणेकडील मोठा भाग कोरडा करण्याचे पत्करले. त्यांच्यासह भांडवल गुंतवणाऱ्यांना ‘ॲडव्हेंचरर्स’ म्हटले जाई, कारण त्यांनी आपला पैसा जोखमीत घातला होता. मोबदला ठरला ९५ हजार एकर जमिनीचा. काम सोपवण्यात आले कॉर्नेलियस व्हरमायडेन या डच अभियंत्यावर.

व्हरमायडेन यांची योजना सरळ होती. वेड्यावाकड्या वाहणाऱ्या ग्रेट ऊझ नदीचे पाणी सरळ कालव्यातून वेगाने समुद्राकडे न्यायचे. १६३७ पर्यंत ‘ओल्ड बेडफर्ड रिव्हर’ हा सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा कालवा खणून झाला. मधल्या काळात इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले. ते निवळल्यावर १६५१ मध्ये त्याला समांतर असा दुसरा कालवा पूर्ण करण्यात आला. त्यासाठी डनबारच्या लढाईत पकडलेल्या स्कॉटिश युद्धकैद्यांना राबवण्यात आले. दोन कालव्यांमधील पट्टा पुराचे पाणी साठवण्यासाठी मोकळा ठेवण्यात आला. आजही हिवाळ्यात तो पाण्याने भरतो आणि तेथे हजारो हंस व बदके उतरतात.

ज्यांचे पोट दलदलीवर होते, त्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. सामाईक चराई आणि मासेमारी गेली, जमीन मात्र भांडवलदारांच्या नावावर झाली. स्थानिकांनी रात्रीच्या वेळी बांध फोडले, चर बुजवले, मजुरांवर हल्ले केले. या विरोधकांना ‘फेन टायगर्स’ हे नाव पडले. त्यांचा पराभव झाला. ते नाव मात्र या भागातील रहिवासी आजही अभिमानाने मिरवतात.

पाण्याने घेतलेला सूड

व्हरमायडेन यांच्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. पीटचा थर मुख्यतः पाण्याने फुगलेला असतो. पाणी काढून घेतले, की तो वाळून आक्रसतो. त्यानंतर हवेतील प्राणवायूच्या संपर्काने, हजारो वर्षे पाण्याखाली टिकलेला वनस्पतींचा अंश कुजू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. उरलेली भुकटी वाऱ्याने उडते. अशा रीतीने जमीन खाली गेली आणि कालवे, नद्या तिच्यापेक्षा उंचावर राहिल्या. मग शेतातील पाणी नदीत वर चढवण्यासाठी पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली, तेव्हा १८२० च्या दशकापासून वाफेची इंजिने आली. पुढे डिझेलचे आणि विजेचे पंप आले. प्रत्येक नव्या यंत्राने पाणी अधिक खोलवर उपसले आणि जमीन अधिक खोल गेली. द फेन्समध्ये फिरताना बांधावरील नदी शेताच्या पातळीहून वर वाहताना दिसते, ती यामुळेच. १९४७ च्या मार्चमध्ये बांध फुटले, तेव्हा ही मांडणी किती नाजूक आहे, हे तेथील जनतेने अनुभवले.

होम फेनमधील खांब याच कथेतील एक साक्षीदार आहे. त्याच्या शेजारी एकेकाळी व्हिट्लसी मीअर हे विस्तीर्ण सरोवर होते. १८५१ मध्ये ते उपसण्यात आले. त्यासाठी वापरलेला नव्या पद्धतीचा पंप त्याच वर्षी लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला होता. सरोवराच्या तळाच्या चिखलात रॅम्सी मठाचे चौदाव्या शतकातील चांदीचे धूपपात्र सापडले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जमीन खचणार, हे जाणणाऱ्या स्थानिक जमीनदाराने तिचे मोजमाप ठेवण्यासाठी खांब पुरवला. तो लोखंडी खांब प्रदर्शनाच्या क्रिस्टल पॅलेसमधील असल्याचे सांगितले जाते. आज होम फेनचा परिसर समुद्रसपाटीखाली सुमारे पावणेतीन मीटर असून, ग्रेट ब्रिटनमधील सर्वांत सखल जागा म्हणून त्याची नोंद आहे. सरोवराबरोबर पाखरे गेली, वनस्पती गेल्या. ‘लार्ज कॉपर’ हे तांबूस झळाळीचे देखणे फुलपाखरू याच शतकाच्या मध्यास ब्रिटनमधून नाहीसे झाले.

शब्दाला आलेली नवी किंमत

दलदल जवळजवळ संपत आली असताना शास्त्रज्ञांनी या जुन्या शब्दाला नेमका अर्थ दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी आर्थर टॅन्सली यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘फेन’ आणि ‘बॉग’ यांत भेद केला. दोहोंतही पीट असते. फरक पाण्याचा. बॉगला पाणी मिळते ते केवळ पावसाचे. म्हणून ती आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यांत दरिद्री असते. फेनला भूजल किंवा आसपासच्या खडक-मातीतून झिरपणारे पाणी मिळते. त्यातील क्षारांमुळे आम्लता कमी होते आणि कितीतरी अधिक प्रकारच्या वनस्पती वाढू शकतात. जुन्या काळी कोणत्याही चिखलाला लागणारा हा शब्द अशा रीतीने शास्त्राच्या परिभाषेत स्थिरावला.

जमिनीची किंमतही नव्याने कळू लागली. १८९९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने केंब्रिजजवळील विकन फेनमधील दोन एकरांचा तुकडा १० पौंडांना विकत घेतला. १९१० मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी वुडवॉल्टन फेन विकत घेऊन ते निसर्गासाठी राखून ठेवले. २००१ मध्ये ‘ग्रेट फेन’ हा प्रकल्प सुरू झाला. होम फेन आणि वुडवॉल्टन फेन यांच्यामधील शेतजमीन घेऊन तेथे पुन्हा पाणी खेळवायचे आणि सुमारे ३,७०० हेक्टरांचा सलग पाणथळ प्रदेश उभा करायचा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. जगाच्या भूपृष्ठाच्या अवघ्या तीन टक्के भागावर पीटभूमी आहे. तरीही सर्व जंगलांतील झाडाझुडपांत मिळून जितका कार्बन आहे, त्याहून अधिक या थरांत साठलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न पक्षी-फुलपाखरांपुरता राहिलेला नाही.

परंतु तो सोपाही नाही. इंग्लंडमधील सर्वोत्तम दर्जाच्या शेतजमिनीपैकी जवळपास निम्मी याच प्रदेशात आहे. पिढ्यान्‌पिढ्या पंप चालवून, बांध राखून ज्यांनी ही शेती पिकवली, त्या कुटुंबांना जमीन पुन्हा पाण्याखाली घालण्यास सांगणे म्हणजे एका अर्थाने ‘फेन टायगर्स’चीच कथा उलटी घडवणे आहे. त्या वेळी दलदलीवर जगणाऱ्याला शेतीसाठी हटवले गेले. आता शेतीवर जगणाऱ्याला दलदलीसाठी जागा द्यावी लागणार आहे. दुसरीकडे, काहीच केले नाही तरी पीटचा थर दरवर्षी पातळ होतच राहणार. कित्येक ठिकाणी खालची चिकणमाती नांगराला लागू लागली आहे. पीट संपला, की शेतीही आजच्यासारखी राहणार नाही. म्हणूनच पाण्याची पातळी वर ठेवून बोरू, पाणकणीस यांसारखी ओल्या जमिनीतील पिके घेण्याचे प्रयोग येथे चालू आहेत.

साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर या संथ गतीने पीटचा थर साचतो. होम फेनच्या खांबाभोवतीची चार मीटर जमीन परत येण्यास त्या हिशेबाने चार हजार वर्षे लागतील. तेवढा काळ पाठीशी असलेला येथे फक्त एक शब्द आहे. ‘पंक’ आणि ‘फेन’ यांचे पूर्वज एकच बोली बोलत होते, त्याला तेवढीच किंवा त्याहून अधिक वर्षे लोटली आहेत. एकाने त्या चिखलातून कमळ उगवते, हे ध्यानात ठेवले. दुसऱ्याला आपल्या चिखलाचे मोल तो आटल्यावर उमगले.